ज्वालामुखीला उदात्त म्हणता येईल का? 'सब्लाइम' या शब्दाची उकल

रात्रीच्या अंधारात दूरवर ज्वालामुखीचा उद्रेक चाललाय. इंग्रजीत त्या दृश्याला 'सब्लाइम' म्हणतात आणि तो शब्द तिथे चपखल बसतो. मराठीत सांगायचं म्हणून शब्दकोश उघडला की 'सब्लाइम'समोर बहुतेक वेळा 'उदात्त' सापडतं. पण 'उदात्त ज्वालामुखी' असं लिहून पाहा, वाचणारा तिथेच अडखळेल. उदात्त असतो तो विचार, हेतू, त्याग. उकळत्या लाव्ह्याला आपण ते विशेषण लावत नाही.

यात शब्दकोशाची चूक नाही. सब्लाइमला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे अर्थ येऊन चिकटले आणि 'उदात्त' हा त्यातल्या एकाच अर्थाचा जोडीदार आहे. बाकीचे अर्थ ठाऊक नसले, तर इंग्रजी वाचताना निम्मं हातातून निसटतं आणि लिहिताना हा शब्द नुसता 'फारच छान' म्हणून खर्ची पडतो. इतका वजनदार शब्द असा वाया जाऊ नये, म्हणून त्याची नीट उकल.

आधी उच्चार. 'सब्लाइम'मध्ये जोर 'लाइम'वर, सुरुवातीचा 'स' अगदी हलका. नाम होताना मात्र 'लाइ'चा 'लि' होतो: सब्लिमिटी. 'सब्लाइमिटी' ही फार ऐकू येणारी चूक. 'डिव्हाइन'चं 'डिव्हिनिटी' होतं तसंच हे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. 'सब्लिमेशन'मध्ये जोर 'मे'वर जातो. आणि 'द सब्लाइम' असं आर्टिकल लावून लिहिलं, की ते विशेषण राहत नाही. तेव्हा ती सगळी संकल्पना अभिप्रेत असते आणि तिचं अनेकवचन होत नाही.

मूळ लॅटिन शब्द 'सब्लिमिस'. अर्थ साधा, भौतिक: वर उचललेला, उंचावरचा. 'सब' म्हटलं की आपल्याला सबमरीन, सबवे आठवतात आणि 'खाली' हा अर्थ डोक्यात येतो. पण लॅटिनमध्ये 'खालून वर, अमुक एका उंचीपर्यंत' अशी छटाही त्यात होती. उरलेल्या भागाबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. काही जण तो 'लिमेन'शी, म्हणजे दाराच्या चौकटीशी जोडतात: चौकटीच्या वरच्या पट्टीला जाऊन भिडलेला. काही जण 'लिमुस'शी, म्हणजे तिरप्याशी जोडतात: तिरपा वर चढत जाणारा. कुठलंही मत धरा, चित्र वर जाण्याचंच आहे. आपल्या 'उदात्त'चीही जन्मकथा हीच. त्यातला 'उद्' म्हणजे वर, आणि वेदपठणात उदात्त म्हणजे उंच स्वर, अनुदात्त म्हणजे खालचा. मनाच्या थोरपणाचा अर्थ दोन्ही शब्दांना नंतर आला. दोघेही निघाले उंचीपासून, पण पुढे त्यांच्या वाटा फुटल्या.

भट्टीतून आलेला शब्द

इंग्रजीत हा शब्द कवितेतून आला असं वाटेल, पण तो आला किमयागारांच्या भट्टीतून. 14व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत तो क्रियापद म्हणून दिसतो. इंग्रज कवी चॉसरने किमयागारांच्या उद्योगाचं वर्णन करताना तो वापरला आहे. विशेषण म्हणून तो रुळायला 16वं शतक उजाडलं. या क्रियापदाचा अर्थ असा: घन पदार्थ तापवून त्याची वाफ करणं आणि ती वर थंड जागी पुन्हा घन रूपात धरणं. शाळेत आपण याला संप्लवन म्हणतो.

ही क्रिया नीट डोळ्यांपुढे आणली, तर शब्दाचा पुढचा प्रवास आपोआप कळतो. चंचुपात्रात आयोडिनचे थोडे करडे-काळे स्फटिक घ्यायचे, त्यात वाळू मिसळलेली असली तरी चालेल. पात्राच्या तोंडावर थंड पाण्याने भरलेला गोल बुडाचा चंबू ठेवायचा आणि खालून अगदी मंद आच द्यायची. जांभळी वाफ उठते, वर चढते आणि चंबूच्या थंड बुडाला टेकताच तिचे चकचकीत स्फटिक तयार होतात. वाळू खालीच राहते. आच जास्त झाली तर 113.7 अंश सेल्सिअसला आयोडिन वितळून द्रव होतं आणि प्रयोग फसतो. वरचा चंबू थंड नसेल तर वाफ बाहेर सुटते. ती डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपायकारक असते, त्यामुळे हा प्रयोग धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचा. कोरड्या बर्फाच्या बाबतीत द्रव होण्याचा प्रश्नच येत नाही. कार्बन डायऑक्साइडला द्रवरूपात राहायला वातावरणाच्या 5 पटींहून जास्त दाब लागतो, म्हणून साध्या हवेच्या दाबाला उणे 78.5 अंशांवर त्याचा घनाचा थेट वायू होतो.

किमयागाराला यात नुसतं रसायन दिसत नव्हतं. जड, गढूळ ते तळाशी राहिलं आणि शुद्ध ते वर गेलं, असा त्याचा अर्थ लागत होता. वर जाणं म्हणजेच शुद्ध होणं. इथून पुढे विचार 'सब्लाइम' होणं, भाषा 'सब्लाइम' होणं हे एका पावलाचं अंतर होतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनेही हीच प्रतिमा उचलली. समाजाला न चालणारी ऊर्मी कला, अभ्यास, संशोधन अशा मान्य कामाकडे वळते, तेव्हा त्याने तिला जे जर्मन नाव दिलं त्याचं इंग्रजी रूप 'सब्लिमेशन' आणि मराठी रूप 'उदात्तीकरण'. रसायनाच्या पुस्तकातलं सब्लिमेशन म्हणजे संप्लवन, मानसशास्त्राच्या पुस्तकातलं म्हणजे उदात्तीकरण. भाषांतरात यांची अदलाबदल झाली की वाक्याचा पार विचका होतो. तसंच जुन्या इंग्रजी मजकुरात 'कोरोझिव्ह सब्लिमेट' दिसलं, तर ते पाऱ्याचं जहाल विषारी क्लोराइड आहे, भव्यतेशी त्याचा काही संबंध नाही.

ग्रीक हस्तलिखित आणि आल्प्सचे कडे

साहित्यातला सब्लाइम एका ग्रीक ग्रंथातून आला. 'पेरी हिप्सुस' हे त्याचं नाव, शब्दशः 'उंचीविषयी'. लेखक म्हणून लाँजायनस हे नाव रूढ आहे, पण तो नेमका कोण हे ठरलेलं नाही. ग्रंथ बहुधा इसवी सनाच्या 1ल्या शतकातला असावा. हाती असलेलं सर्वांत जुनं हस्तलिखित 10व्या शतकातलं, आणि त्यातलाही बराच भाग गहाळ आहे. शतकानुशतकं तो फारसा कुणी वाचत नव्हतं. 1674मध्ये फ्रेंच कवी-समीक्षक बोआलोने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं आणि युरोपभर 'सब्लाइम'ची चर्चा सुरू झाली.

लाँजायनस लेखनात उंची कशी येते ते सांगतो. त्याने पाच उगम दिले आहेत: मोठा विचार, उत्कट भावना, अलंकारांची जाण, भारदस्त शब्दकळा आणि वाक्यांची घडण. पहिले दोन बहुतांशी जन्मजात, उरलेले तीन शिकून येणारे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते उंची गाठताना काय बिघडतं याचं त्याने केलेलं निदान. पहिला दोष शब्दांची सूज. जलोदर, म्हणजे अंगात पाणी साठण्याचा आजार, झालेल्या माणसाइतकं कोरडं कुणी नसतं, ही उपमा तो त्यासाठी देतो: वरून फुगलेलं, आत काही नाही. दुसरा दोष पोरकटपणा, म्हणजे प्रत्येक वाक्यात काहीतरी चमकदार करून दाखवण्याचा सोस. तिसरा, प्रसंगाला न शोभणारा भावनेचा उमाळा.

खऱ्या उंचीला मोठे शब्द लागतातच असं नाही, हे दाखवताना त्याने दोन उदाहरणं घेतली. एक, बायबलच्या आरंभीचं 'प्रकाश होवो' आणि प्रकाश झाला. दुसरं ग्रीक महाकवी होमरचं. पाताळात नायक ओडिसियस मृत योद्धा अजॅक्सशी बोलायला जातो, पण जुना अपमान न विसरलेला अजॅक्स एक शब्द न बोलता निघून जातो. ते मौन कुठल्याही भाषणापेक्षा थोर आहे, असं लाँजायनस म्हणतो. त्याची कसोटीही सरळ आहे: मजकूर पुन्हा पुन्हा वाचल्यावर त्यातून आणखी काही मिळत राहिलं तर तो सब्लाइम. पहिल्या वाचनात दिपवलं आणि दुसऱ्या वाचनात उतरला, तर नव्हे.

इथवर सगळं 'उदात्त'मध्ये बसतं. गाडी रूळ बदलते ती पुढे.

1688मध्ये जॉन डेनिस नावाच्या इंग्रज लेखकाने आल्प्स ओलांडला. अरुंद वाट, एका बाजूला कडा, खाली कोसळती नदी. आपल्याला एकाच वेळी भीती आणि आनंद कसा वाटला, याचं वर्णन करताना त्याने 'आनंददायी भय' आणि 'भयंकर आनंद' असे जोडशब्द वापरले. तोवर अशा डोंगरांकडे वाटेतला अडथळा म्हणूनच पाहिलं जाई. आता ते मुद्दाम पाहण्याची गोष्ट झाले आणि 'सुंदर' हा शब्द त्यांना अपुरा पडू लागला.

या भावनेची चिरफाड केली ती एडमंड बर्क या विचारवंताने, 1757मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी. त्याने सुंदर आणि सब्लाइम यांच्यात भिंतच घातली. सुंदर वस्तू लहान, गुळगुळीत, नाजूक, वळणं सावकाश घेणारी, आणि तिच्याबद्दल जिव्हाळा वाटतो. सब्लाइम वस्तू अवाढव्य, खडबडीत, अंधारी, सामर्थ्यवान, आणि तिच्यापुढे छाती दडपते. मुळाशी भय. पण अट अशी की धोका अंगाशी आलेला नसावा. वादळात सापडलेल्या जहाजावरच्या माणसाला ते वादळ सब्लाइम वाटत नाही, तो जीव मुठीत धरून असतो. तेच वादळ किनाऱ्यावरच्या दगडी भिंतीआडून पाहणाऱ्याला वाटतं. अंतर शून्य झालं तर नुसती भीती उरते, आणि अंतर फार वाढलं तर काहीच वाटत नाही.

बर्क बारकाव्यात शिरतो तेव्हा वाचायला फार मजा येते. लांबी, उंची, खोली यांत लांबीचा परिणाम सर्वांत कमी, असं तो म्हणतो. शंभर हात सपाट जमीन आणि शंभर हात उंच कडा यांची तुलनाच नाही. उंचीपेक्षाही खोली जास्त भिडत असावी, म्हणजे कड्याकडे मान वर करून पाहण्यापेक्षा कड्यावरून खाली डोकावणं. स्पष्टतेपेक्षा अंधूकपणा प्रभावी, कारण धोक्याचा पूर्ण आकार दिसला की भीती बरीच ओसरते. एकसारख्या खांबांची रांग अनंत वाटते, कारण डोळा एका खांबावरून दुसऱ्यावर सरकताना मन ती रांग पुढे चालूच ठेवतं. मात्र खांबांचा आकार मध्येच बदलला तर तो भास तुटतो, आणि इमारत प्रमाणाबाहेर लांबवली तरीही परिणाम मारला जातो.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790मध्ये याचे दोन भाग केले. एक आकारमानाचा सब्लाइम, ज्यात गोष्ट इतकी प्रचंड असते की कल्पनेच्या कवेत मावत नाही. दुसरा सामर्थ्याचा, ज्यात निसर्गाची ताकद आपल्याला क्षणात चिरडू शकते, पण आपण सुरक्षित जागी असतो. या दुसऱ्या प्रकाराची उदाहरणं देताना त्याने डोक्यावर झुकलेले कडे, विजांसह येणारे ढग, चक्रीवादळ यांच्याबरोबर ज्वालामुखीचंही नाव घेतलं आहे.

पहिल्या प्रकारासाठी त्याने इजिप्तच्या पिरॅमिडचं उदाहरण एका फ्रेंच प्रवाशाकडून घेतलं. स्वतः कांट त्याच्या गावापासून फारसा लांब कधी गेला नाही, तरी हे निरीक्षण अचूक आहे. पिरॅमिडच्या फार लांब उभं राहिलं तर दगडांचे थर वेगळे दिसत नाहीत. एक छोटा त्रिकोण दिसतो, मन हलत नाही. अगदी पायथ्याशी गेलं तर नजर एकेका थरावरून वर चढू लागते. पण खुफूचा पिरॅमिड मूळचा सुमारे 146 मीटर उंच. नजर टोकाला पोहोचेपर्यंत तळाचे थर मनातून निसटलेले असतात, सगळा पिरॅमिड एकत्र कधी जुळतच नाही. या दोहोंच्या मधली एक जागा असते. तिथे एकेक दगडही दिसतो आणि सगळा ढीगही एका नजरेत घ्यावासा वाटतो, पण घेता येत नाही. कल्पनाशक्ती तिथे थकते. आणि तरीही 'हे माझ्या कवेपेक्षा मोठं आहे' हे बुद्धीला कळलेलं असतं. त्या कळण्यालाच कांट खरा सब्लाइम म्हणतो. त्याच्या मते सब्लाइम पिरॅमिडमध्ये नसतो, पाहणाऱ्याच्या मनात असतो. म्हणजे बर्कने कड्यावर नेऊन ठेवलेला हा शब्द कांटने पुन्हा मनाच्या थोरवीकडे, 'उदात्त'च्या जवळ आणला.

अलीकडे मानसशास्त्रानेही साधारण हेच मांडलं. 2003मध्ये केल्टनर आणि हाइट या मानसशास्त्रज्ञांनी विस्मययुक्त आदराच्या भावनेची दोन लक्षणं सांगितली: समोरच्या गोष्टीचा विराटपणा, आणि ती मनात बसवण्यासाठी मनाचीच चौकट बदलण्याची गरज.

आजच्या इंग्रजीत

रोजच्या वापरात शब्द बराच सैलावला आहे. पदार्थाची चव, गायिकेचा आवाज, खेळाडूने दिलेला नेमका पास, सगळं 'सब्लाइम' असतं. हे चूक नाही, शब्दकोशांनी हा अर्थ स्वीकारला आहे. पण इथेही शब्दाचं टोक शिल्लक आहे. तो कमाल दर्जाचं विशेषण असल्यामुळे त्याला 'व्हेरी' लावलं की कानाला खटकतं. 'ॲब्सोल्यूटली सब्लाइम', 'सिम्पली सब्लाइम' चालतं. आणि एका परिच्छेदात दोनदा वापरला तर दोन्ही वेळा फुकट जातो.

एक वापर मात्र हमखास चकवतो. 'सब्लाइम इग्नरन्स', 'सब्लाइम इंडिफरन्स', 'सब्लाइम कॉन्फिडन्स'. इथे स्तुती मुळीच नसते. इतकं टोकाचं अज्ञान किंवा इतकी बेफिकिरी की त्या माणसाला आजूबाजूच्या जगाचा स्पर्शही होत नाही, तो वर कुठेतरी तरंगतोय. 'उदात्त अज्ञान' असं भाषांतर केलं तर अर्थ उलटा होतो. मराठीत यासाठी तयार शब्द आहे: अगाध अज्ञान. इंग्रजीने उंची घेतली, मराठीने खोली, पण मोजमाप एकच.

'फ्रॉम द सब्लाइम टू द रिडिक्युलस' म्हणजे थोरपणातून थेट हास्यास्पदतेत घसरणं. 1812मध्ये रशियातून माघार घेऊन परतताना नेपोलियन म्हणाला, की या दोहोंत एका पावलाचं अंतर आहे, असं सांगतात. त्याआधी 1790च्या दशकात थॉमस पेन या लेखकाने जवळपास हेच लिहून ठेवलं होतं. लाँजायनसची शब्दांची सूज आठवली की हे पाऊल कुठे चुकतं ते कळतं.

शेजारचे शब्द वेगळे ठेवायला हवेत. 'मॅजेस्टिक'मध्ये राजेशाही डौल असतो, भीती नसते: गरुडाची भरारी मॅजेस्टिक. 'मॅग्निफिसंट'मध्ये वैभव असतं: राजवाडा, मेजवानी, दरबार. 'ग्रँड' मोठेपणा सांगतं, पण 'ग्रँडिओज' म्हणजे मोठेपणाचा आव, हे विसरलं तर गौरवाच्या जागी टीका होऊन बसते. 'ऑगस्ट' हे विशेषण वयाने आणि मानाने पूज्य व्यक्तीला किंवा संस्थेला लावतात, आणि महिन्याच्या नावात जोर सुरुवातीला असतो तो इथे 'गस्ट'वर जातो. 'ऑफुल' आणि 'ऑसम' दोन्ही 'ऑ' म्हणजे धाकयुक्त आदर या एकाच शब्दातून निघाले. एक घसरून 'वाईट' झाला, दुसरा 'भारी'. 'टेरिफिक' मुळात 'भीती घालणारा' होता, आज 'झकास' आहे. सब्लाइम पातळ झाला, पण त्याचा मूळ अर्थ गंभीर लेखनात अजून शाबूत आहे.

'सब्लिमिनल'ला मात्र याच्या कुटुंबात धरू नका. जाणिवेच्या उंबरठ्याखालचं, म्हणजे नकळत मनावर परिणाम करणारं, असा त्याचा अर्थ. हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या संज्ञेसाठी 19व्या शतकात तो घडवला गेला. त्यात 'लिमेन' आहे, पण 'सब' इथे खरोखर 'खाली' आहे.

इतिहासाच्या पुस्तकात 'सब्लाइम पोर्ट' दिसलं तर बंदर शोधू नका. उस्मानी साम्राज्याच्या सरकारचं ते नाव. इस्तंबूलमधल्या वजिराच्या कचेरीच्या 'बाब-ए-आली'चं, म्हणजे उंच दरवाजाचं, ते फ्रेंचमार्गे आलेलं भाषांतर. आणि गणितात 12 ही सब्लाइम संख्या आहे: तिचे विभाजक 6, त्यांची बेरीज 28, आणि 6 व 28 दोन्ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांच्या बेरजेइतक्याच. अशी दुसरी एकच संख्या आजवर सापडली आहे, ती 76 अंकी आहे.

राहता राहिलं भाषांतर. विचार, शैली, त्याग यांसाठी 'उदात्त' निःशंक वापरावा. चव, सूर, खेळ यांसाठी 'अप्रतिम' किंवा 'अवर्णनीय'. आकाश, समुद्र, वाळवंट यांच्या विस्तारासाठी 'विराट'. कडा, वादळ, धबधबा यांसाठी 'भव्य' एकटं थोडं कमी पडतं, कारण त्यात धाक नाही. तिथे 'रौद्रभव्य' लिहावं. आपल्या ज्वालामुखीलाही तेच शोभतं. तत्त्वज्ञानाच्या लेखात बर्क आणि कांट यांची संकल्पना म्हणून 'द सब्लाइम' आला, तर पहिल्यांदा 'उदात्त' लिहून त्यात भयाचाही अंश आहे हे एका वाक्यात सांगावं, आणि पुढे सरळ 'सब्लाइम' हाच शब्द ठेवावा.